इवल्या विमानाचा शिल्पकार

एक बारीक काठी, तिच्यावर कागदाचे दोन पंख, टोकाला एक लहानसा फिरता पंखा आणि काठीला समांतर ओढलेली रबराची दोरी, एवढेच ज्याचे अंग, असे खेळण्यातले विमान आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. बोटाने पंखा फिरवून रबराला पीळ द्यावा, विमान हलकेच हातातून सोडावे आणि ते अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तरंगत गेलेले पाहावे, यात लहानांना जितका आनंद होतो तितकाच मोठ्यांनाही होतो. पीळ संपला की विमान खाली उतरते आणि खेळही तेथेच संपतो. परंतु या साध्या खेळण्यामागे एका मनुष्याचे सारे आयुष्य उभे आहे, हे फारच थोड्यांच्या ध्यानात येते. त्या मनुष्याचे नाव अल्फोन्स पेनो. त्याला अवघे तीस वर्षांचे आयुष्य लाभले. त्या अल्प काळात मनुष्य बसू शकेल असे विमान काही त्याच्या हातून बांधले गेले नाही. तरीही विमानविद्येच्या इतिहासात त्याचे नाव आजही आदराने घेतले जाते.

पेनोचा जन्म ३१ मे १८५० रोजी फ्रान्समधील पॅरिस शहरात झाला. त्याचे वडील फ्रान्सच्या आरमारात अॅडमिरलच्या हुद्द्यावर होते. अशा घरातल्या मुलाच्या कानांवर लहानपणापासूनच जहाजे, शिडे, वारे आणि दूरदूरचे समुद्र यांच्या गोष्टी पडाव्यात, आणि आपणही वडिलांप्रमाणे जहाजावर जावे असे त्याला वाटावे, हे स्वाभाविकच होते. परंतु दैवाची योजना वेगळी होती. पेनोच्या खुब्याला असाध्य दुखणे जडले. त्याचे चालणेफिरणे कष्टाचे झाले. डोलणाऱ्या जहाजाच्या फळीवर ज्याला आपले पाय घट्ट रोवून उभे राहता येत नाही, त्याला आरमारात कोण घेणार? वडिलांनी आयुष्यभर ज्या समुद्राची सेवा केली, त्या समुद्राचा दरवाजा मुलासाठी कायमचा बंद झाला.

अशा प्रसंगी सामान्य मनुष्य खचून जातो. पेनोने मात्र आपले मन दुसऱ्या एका महासागराकडे वळविले. तो महासागर पॅरिसच्या छपरांवर सदैव पसरलेला होता आणि त्यावर अजून कोणाचेही जहाज नीटसे चालले नव्हते. जमिनीवर ज्याला चार पावले टाकणे जड जात होते, तो तरुण आकाशात संचार कसा करावा, याचा विचार करू लागला.

त्या काळी आकाशात जाण्याचा एकच मार्ग मनुष्याला साधला होता, तो म्हणजे बलूनचा. १७८३ साली फ्रान्समध्येच माँगोल्फिए बंधूंनी तप्त हवेने भरलेले बलून उडविले होते. पण बलून म्हणजे वाऱ्याचा गुलाम. वारा नेईल तिकडे त्याने जावे. १८५२ साली आंरी जिफार या फ्रेंच यंत्रज्ञाने एका लांबोळ्या बलूनला ३ अश्वशक्तीचे वाफेचे यंत्र जोडून पॅरिसपासून सुमारे २७ किलोमीटर प्रवास केला. तथापि जोराच्या वाऱ्यापुढे त्याच्या यंत्राचेही काही चालत नसे.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध जुंपले. शत्रूने पॅरिसला वेढा घातला. शहराबाहेर टपाल धाडण्यासाठी पॅरिसच्या लोकांनी साठांहून अधिक बलून आकाशात सोडले. पत्रांच्या थैल्या घेऊन हे बलून वेढ्यावरून पलीकडे जात; पण वारा कोठे नेऊन टाकील याचा भरवसा नसे. एक बलून तर थेट नॉर्वे देशात जाऊन उतरले. बाहेर गेलेल्या बलूनला हवे तेव्हा परत पॅरिसमध्ये आणणे कोणालाही साधले नाही, आणि शहरात येणाऱ्या पत्रांसाठी कबुतरांवर विसंबून राहावे लागले. वाऱ्याला न जुमानता आपल्या इच्छेप्रमाणे जाईल अशा वाहनाची मनुष्याला किती गरज आहे, हे त्या दिवसांत सर्वांनाच कळून चुकले.

असे वाहन हवेहून हलके असता उपयोगाचे नाही. पक्ष्याप्रमाणे ते हवेहून जड असावे आणि पंखांच्या आधाराने हवेवर तरंगावे, असे काही विचारवंतांचे मत होते. इंग्लंडमधील सर जॉर्ज केली याने १८०४ साली पतंगाच्या आकाराचा पंख आणि मागे शेपूट असलेली एक प्रतिकृती बनवून ती उतारावरून तरंगत सोडली होती. पुढे हेन्सन आणि स्ट्रिंगफेलो या इंग्रज गृहस्थांनी वाफेच्या यंत्रावर चालणाऱ्या विमानाची कल्पना मांडली. परंतु अशा विमानाचा लहानसा नमुनादेखील सर्वांच्या समक्ष, कोणाचा आधार न घेता, आपल्या शक्तीने आणि समतोल राखून उडू शकतो, हे निर्विवादपणे सिद्ध व्हायचे होते.

या कामात दोन मोठ्या अडचणी होत्या. पहिली अडचण शक्तीची. लहान नमुन्याला पुढे ढकलणारा पंखा फिरवायचा कशाने? वाफेचे यंत्र लहान केले तरी जडच. घड्याळाची कमानही पोलादाची, म्हणून तीही जड. त्यापूर्वी काही जणांनी वाकविलेल्या धनुकलीच्या जोरावर पिसांचे भिरभिरे उडवून दाखविले होते; पण धनुकलीची शक्ती क्षणार्धात संपून जाई.

पेनोने या प्रश्नाचे जे उत्तर शोधले ते इतके साधे होते की ते आधी कोणाला कसे सुचले नाही, याचे आज नवल वाटते. गंधकाबरोबर तापवून रबर टिकाऊ आणि चिवट करण्याची कृती अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली शोधून काढली होती. तेव्हापासून रबर घरोघरी पोहोचले होते. रबर ताणले असता त्यात जोर साठतो, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु ताणलेल्या रबराची ओढ सोसण्यासाठी काठी जाड घ्यावी लागते, आणि त्या सरळ ओढीने पंखा फिरविण्यासाठी चाके व दोऱ्या लावाव्या लागतात. त्यामुळे वजन वाढते. पेनोने रबर ताणण्याऐवजी त्याला पीळ दिला. पीळ दिलेले रबर उलगडताना स्वतःच गोल फिरते. त्याच्या एका टोकाला पंख्याचा आस जोडला की काम झाले. मध्ये ना चाक, ना दोरी. १८७० साली, आपल्या विसाव्या वर्षाच्या आसपास, पेनोने या युक्तीवर चालणारे एक लहानसे हेलिकॉप्टर बनविले. त्यात एकावर एक असे दोन पंखे होते आणि ते परस्परांच्या उलट दिशेने फिरत. पीळ भरून सोडताच ते सरळ वर चढे आणि शक्ती संपल्यावर खाली येई.

दुसरी अडचण याहून बिकट होती. ती म्हणजे समतोलाची. कागदाचा एक सपाट तुकडा हवेत सोडून पाहा. तो सरळ खाली येत नाही. कधी पुढे झुकतो, कधी मागे कोलांटी घेतो, कधी एका अंगावर घसरतो. विमानाचेही तसेच होते. नाक खाली गेले तर ते जमिनीवर आदळते. नाक फार वर उचलले गेले तर त्याची गती मंदावते आणि ते कोसळते. एका बाजूचा पंख खाली गेला तर ते त्या अंगाला कलंडते. ज्या विमानात कोणी बसलेले नाही, त्याला वेळोवेळी सावरणार कोण? विमानाने स्वतःच स्वतःला सावरले पाहिजे, अशीच त्याची घडण असली पाहिजे, हे पेनोने ओळखले.

यासाठी त्याने काठीच्या मागच्या भागात एक लहान आडवा पंख, म्हणजे शेपूट, बसविले. मुख्य पंखाच्या मानाने ते सुमारे ८ अंशांनी असे कलते ठेवले की त्याची पुढची कड किंचित खाली राहावी. विमानाचा भारमध्यही त्याने विचारपूर्वक पुढच्या बाजूला राखला. या रचनेचा परिणाम मोठा चमत्कारिक झाला. विमानाचे नाक खाली गेले की वेग वाढे, कलत्या शेपटीवर हवेचा दाब वरून अधिक पडे, शेपूट खाली दाबले जाई आणि नाक आपोआप वर येई. नाक फार वर गेले की वेग कमी होऊन वरचा दाब ओसरे, उलट हवा शेपटीला खालून लागे, शेपूट उचलले जाई आणि नाक पुन्हा जागेवर येई. एखादी आई चालायला शिकणाऱ्या मुलाला मागून सावरते, तसे हे शेपूट विमानाला सावरीत असे. बाजूला कलंडणे टाळण्यासाठी पेनोने मुख्य पंखांची टोके किंचित वर वळविली. विमान एका अंगाला झुकून त्या बाजूस घसरू लागले, की खाली गेलेल्या पंखाला हवेचा अधिक आधार मिळे आणि विमान पुन्हा सरळ होई.

या विमानाला त्याने प्लानोफोर असे नाव दिले. त्याची मापे ऐकली असता आपल्याला हसू येईल. काठीची लांबी ५० सेंटिमीटर, पंखांची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४५ सेंटिमीटर, मागे बसविलेल्या फिरत्या पंख्याचा व्यास २१ सेंटिमीटर, आणि साऱ्या विमानाचे वजन अवघे १६ ग्रॅम. त्यातले ५ ग्रॅम तर एकट्या रबराचेच होते. एवढ्याशा वजनात काठी मोडता कामा नये, पंख वाकता कामा नयेत आणि पंखा अडता कामा नये. अशा कामात गुंजभर वजनाचाही हिशेब ठेवावा लागतो. काठी जाड करावी तर विमान जड होते. बारीक करावी तर रबराच्या पिळाने ती वाकते. रबर अधिक घालावे तर शक्ती वाढते, पण भारही वाढतो. या सर्व परस्परविरोधी गोष्टींचा मेळ घालणे म्हणजेच विमानाची रचना करणे होय. विमान १६ ग्रॅमचे असो वा शेकडो टनांचे असो, रचनाकाराला हीच तारेवरची कसरत करावी लागते.

१८ ऑगस्ट १८७१ हा पेनोच्या आयुष्यातला भाग्याचा दिवस. पॅरिसच्या त्विलरी नावाच्या विस्तीर्ण उद्यानात, हवाई प्रवासाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे सभासद जमले होते. युद्ध आणि त्यानंतरचा यादवीचा भीषण काळ नुकताच सरला होता. उद्यानालगतचा राजवाडा त्याच वर्षीच्या मे महिन्यात आगीच्या भक्ष्यस्थानी पडला होता. अशा त्या जागी एकवीस वर्षांच्या या तरुणाने आपले इवलेसे विमान हातात घेतले, रबराला पीळ भरला आणि विमान सोडून दिले. ते खाली पडले नाही, कोलांटले नाही, की एका अंगाला घसरले नाही. हवेत स्थिरपणे तरंगत, वर्तुळाकार वळत, ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर अंतर उडून गेले आणि शक्ती संपताच हलकेच खाली उतरले. हवेहून जड असलेले, स्वतःच्या शक्तीने चालणारे आणि स्वतःचा तोल स्वतः सांभाळणारे विमान जाणत्या मंडळींनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. ४० मीटर म्हणजे काही फार मोठे अंतर नव्हे. शाळेच्या मैदानावर मुले एका दमात त्याहून अधिक धावतात. परंतु हवेहून जड यंत्र उडणे शक्यच नाही, असे म्हणणाऱ्यांना त्या ११ सेकंदांनी पुरेसे उत्तर दिले.

या यशाने पेनो संतुष्ट होऊन बसला नाही. १८७२ साली त्याने पक्ष्याप्रमाणे पंख फडफडवीत उडणारा एक नमुना बनविला. त्यालाही रबराच्या पिळाचीच शक्ती होती. हवेचा विरोध, पक्ष्यांचे उडणे, पंखांची घडण यांविषयी त्याने अभ्यासपूर्ण लेख लिहिले. पेनो हा नुसता कुशल कारागीर नव्हता. आपले विमान का उडाले, हे गणिताच्या आणि तर्काच्या आधारे समजून घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. खेळणे करणारे पुष्कळ असतात. खेळण्यातून निसर्गाचा नियम शोधणारा विरळा.

पुढे त्याने मनुष्याला वाहून नेणाऱ्या विमानाचा संकल्प केला. पॉल गोशो नावाच्या एका यंत्रकाराच्या साहाय्याने त्याने अशा विमानाचे नकाशे तयार केले आणि फेब्रुवारी १८७६ मध्ये त्यांचे पेटंट घेतले. त्या वेळी त्याचे वय पंचवीस वर्षांचे होते. ते नकाशे आज पाहिले असता मन थक्क होते. दोन माणसांनी बसावयाचे ते विमान जमिनीवरून तसेच पाण्यावरूनही उडावे अशी योजना होती. पुढच्या बाजूस परस्परांच्या उलट दिशेने फिरणारे दोन मोठे पंखे होते. चालकाला वाऱ्याचा त्रास होऊ नये म्हणून त्याच्या बैठकीवर काचेचे आच्छादन होते. विमान वरखाली नेण्याचे आणि डावीउजवीकडे वळविण्याचे काम एकाच दांड्याने व्हावे, अशी व्यवस्था होती. जमिनीवर उतरताना बसणारा धक्का सोसणारी चाके होती, आणि विमान वर गेल्यावर ती आत ओढून घेण्याची सोय होती. दिशा, उंची आणि तोल दाखविणारी उपकरणेही त्याने योजिली होती. आजच्या विमानांत सहज दिसणाऱ्या या गोष्टी पेनोने मनुष्य विमानातून उडण्यापूर्वी सत्तावीस वर्षे कागदावर रेखाटून ठेवल्या होत्या.

मात्र एक गोष्ट त्याच्याजवळ नव्हती. ती म्हणजे यंत्र. लहान नमुन्याला रबराचा पीळ पुरला. मोठ्या विमानाला तो कसा पुरणार? तेव्हाचे वाफेचे यंत्र, त्याचा बंब, त्याचे पाणी आणि कोळसा यांचे वजन इतके असे की ते विमानाला उचलून नेण्याऐवजी जमिनीवरच खिळवून ठेवी. दैवयोग असा की, ज्या वर्षी पेनोने आपल्या विमानाचे पेटंट घेतले त्याच १८७६ साली शेजारच्या जर्मनीत निकोलाउस ऑटो हा चार टप्प्यांत चालणारे नव्या तऱ्हेचे इंजिन सिद्ध करीत होता. पुढे याच जातीचे हलके पेट्रोल इंजिन विमानाला लाभले. परंतु ते हलके होण्यास आणखी काही वर्षे जावयाची होती, आणि तितकी वर्षे पेनोच्या नशिबी नव्हती.

विमान बांधण्यासाठी पैसा हवा होता. तो मिळविण्याचे पेनोचे प्रयत्न निष्फळ ठरले. खेळणी उडविणाऱ्या तरुणाच्या नकाशांवर द्रव्य लावण्यास कोणी पुढे आले नाही. त्याच्या कल्पनांची टीकाकारांनी थट्टा केली. दुखणे तर वाढतच होते. शरीराच्या वेदना, लोकांची उदासीनता आणि मनातील एकाकीपण यांनी त्याला घेरले. आपले नकाशे एका लहानशा शवपेटीत घालून त्याने ती पेटी आंरी जिफारकडे पोहोचती केली, असे सांगतात. ऑक्टोबर १८८० मध्ये, नैराश्याच्या अंधारात सापडलेल्या पेनोने आपल्या जीवनाचा स्वतःच अंत करून घेतला. तेव्हा त्याला तीस वर्षेच पूर्ण झाली होती.

ही हकीकत लिहिताना लेखणी जड होते. अशा वेळी कोणी मित्राने त्याच्याजवळ बसून धीर दिला असता, त्याच्या दुखण्यासाठी आणि खचलेल्या मनासाठी वेळीच उपाय झाला असता, तर किती बरे झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही. मनाचे दुखणे हेही शरीराच्या दुखण्यासारखेच खरे असते. ते मनात कोंडून न ठेवता आपल्या माणसांपाशी बोलावे, आणि दुसऱ्याचे असे दुखणे दिसले तर त्याला एकटे सोडू नये, हा बोध या दुःखद प्रसंगातून घेण्याजोगा आहे. आपले सारे श्रम व्यर्थ गेले, असे पेनोला वाटले. परंतु ते व्यर्थ गेले नव्हते. त्याच्या मृत्यूच्या दोन वर्षे आधीच, त्याच्या नकळत, त्याच्या विद्येचे बीज सातासमुद्रापलीकडे रुजले होते.

१८७८ सालची गोष्ट. अमेरिकेतील सीडर रॅपिड्स या गावी मिल्टन राइट नावाचे एक धर्मोपदेशक राहत असत. एकदा प्रवासाहून परत येताना त्यांनी आपल्या धाकट्या मुलांसाठी एक खेळणे आणले. पेनोच्या रचनेवर बेतलेले ते लहानसे हेलिकॉप्टर होते. बूच, बांबूच्या कामट्या आणि पातळ कागद यांचे ते केलेले होते आणि रबराच्या पिळावर चाले. वडिलांनी ते हातातून सोडताच ते खाली न पडता छताला जाऊन भिडले आणि तेथे फडफडत राहून मग खाली आले. त्या मुलांपैकी मोठा विल्बर अकरा वर्षांचा होता आणि धाकटा ऑर्व्हिल सात वर्षांचा. दोघांनाही त्या खेळण्याचा इतका लळा लागला की त्यांनी त्याचे नाव वटवाघूळ ठेवले. मुलांच्या हातात कागदाचे नाजूक खेळणे किती दिवस टिकणार? ते लवकरच मोडले. पण मोडले म्हणून ही मुले रडत बसली नाहीत. त्यांनी तसलीच नवी खेळणी स्वतः बनविण्यास प्रारंभ केला.

लहान आकाराची खेळणी छान उडाली. मग त्यांनी मोठी खेळणी बनविली, तर ती नीट उडेनात. आकार जितका मोठा, तितके उडणे कमी. हे असे का होते, ते त्या वयात त्यांना उमगले नाही. पुढे मोठेपणी त्यांना त्याचे कारण कळले. एखाद्या वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर तिच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन मात्र आठपट वाढते. म्हणून खेळणे नुसते मोठे केल्याने विमान होत नाही. त्यासाठी शक्तीचा आणि भाराचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. मोडलेल्या खेळण्याने त्या बालकांच्या मनात जो प्रश्न पेरला, त्याचे उत्तर शोधण्यात त्यांचे तारुण्य खर्ची पडले.

१७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेच्या समुद्रकिनाऱ्यावर किटी हॉक या ठिकाणी ऑर्व्हिल राइट हा आपल्या विमानातून जमिनीवरून उचलला गेला. ते पहिले उड्डाण १२ सेकंद टिकले आणि त्यात विमानाने सुमारे ३६ मीटर अंतर काटले. येथे क्षणभर थांबून मागे वळून पाहावे. पेनोचे १६ ग्रॅमचे विमान ११ सेकंद उडाले होते आणि त्याने ४० मीटर अंतर काटले होते. मनुष्याला घेऊन उडालेल्या पहिल्या विमानाची झेप आणि त्या इवल्याशा खेळण्याची झेप जवळजवळ सारखीच भरली. आणखी एक योगायोग मनाला चटका लावून जातो. त्विलरी उद्यानात पेनोचे विमान उडाले तो दिवस १८ ऑगस्ट १८७१. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्ट १८७१ रोजी, अमेरिकेतील डेटन या गावी ऑर्व्हिल राइटचा जन्म झाला होता.

राइट बंधूंनी पेनोचे अंधानुकरण केले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. विमानाने आपोआप तोल सांभाळावा, यावर पेनोचा भर होता. चालकाने विमानाला क्षणोक्षणी आपल्या ताब्यात ठेवावे, यावर राइट बंधूंचा भर होता. म्हणून त्यांच्या पहिल्या विमानाला मागे पेनोसारखे आडवे शेपूट नव्हते. कालांतराने अनुभवाने असे दिसून आले की, उत्तम विमानाला दोन्ही गुण हवेत. आज आकाशातून जाणाऱ्या बहुतेक प्रवासी विमानांकडे पाहिले तर मुख्य पंखांच्या मागे, अगदी टोकाला, आडवे लहान पंख दिसतात. पेनोने १६ ग्रॅमच्या खेळण्याला जे शेपूट बसविले, त्याचेच ते विशाल रूप आहे.

रबराच्या पिळावर उडणारी विमानेही नाहीशी झालेली नाहीत. जगात ठिकठिकाणी अशा विमानांच्या स्पर्धा भरतात. जुन्या काळच्या नामांकित विमानांच्या कागदी प्रतिकृतींचे नकाशे काढणे, ते भाग कापून, दुमडून, चिकटवून हुबेहूब विमान उभे करणे, हा छंद अनेक जण मोठ्या आवडीने जोपासतात. तुमच्या हातून असे विमान बनले आणि ते पहिल्याच झेपेत नाकावर आपटले, तर नाराज होऊ नका. पंख किंचित पुढे सरकवून पाहा. ते फार वर चढून कोसळत असेल तर नाकाला थोडे वजन द्या. शेपटीचा कल बदलून पाहा. एका वेळी एकच बदल करा आणि त्याचा परिणाम नीट पाहून ठेवा. असे करीत असताना आपण त्विलरी उद्यानातल्या त्या तरुणाच्याच वाटेने चाललो आहोत, याची जाणीव असू द्या.

पेनोला समुद्रावर जाता आले नाही. त्याचे मोठे विमानही आकाशात गेले नाही. कीर्ती, संपत्ती आणि दीर्घायुष्य यांपैकी काहीच त्याच्या वाट्याला आले नाही. त्याच्या हाती होती ती एक बारीक काठी, दोन पंख आणि रबराची दोरी. परंतु एवढ्याशा साधनांनी त्याने एका मोठ्या प्रश्नाचे प्रामाणिकपणे उत्तर दिले, आणि ते उत्तर पुढच्यांच्या कामी आले. काम लहान की मोठे, हे त्याच्या आकारावरून ठरत नाही. ते किती निष्ठेने केले आणि त्यातून पुढच्यांना कोणती वाट सापडली, यावरून ते ठरते. डोक्यावरून विमान जाऊ लागले की आपण मान वर करून त्याच्याकडे पाहतो. त्या वेळी कागदी पंखांच्या त्या इवल्या विमानाची आणि त्याच्या दुर्दैवी शिल्पकाराची आठवण झाली, तर त्याच्या श्रमांचे आपण थोडे तरी ऋण फेडले, असे होईल.